पाव, पाऊण, सव्वा: घडीच्या पुस्तकातले अपूर्णांक

अपूर्णांकांच्या चित्रांच्या पुस्तकांत एक चूक वारंवार सापडते आणि ती छपाईची नसते. डाव्या पानावर ताटाएवढी पोळी, तिचा पाव भाग रंगवलेला. उजव्या पानावर बशीएवढी पोळी, तिचा अर्धा भाग रंगवलेला. खाली ओळ: अर्धा हा पावापेक्षा मोठा. मूल चित्राकडे बघतं आणि त्याला बरोबर उलटं दिसतं. मग ते चित्रावर विश्वास ठेवायचं सोडतं आणि ओळ पाठ करतं. इथून पुढे पुस्तक चित्रांचं असो नाहीतर नुसत्या आकड्यांचं, फरक पडत नाही.

अर्धा म्हणजे कशाचा अर्धा, हे सतत डोळ्यांसमोर राहिलं पाहिजे. पूर्ण वस्तू नजरेआड झाली की अपूर्णांक उरत नाही, नुसता तुकडा उरतो. म्हणून विकतच्या पुस्तकापेक्षा एकाच कागदाच्या घड्या घालून केलेलं पुस्तक आम्हाला जास्त कामाचं वाटतं. त्यात पान हाच तुकडा असतो आणि पुस्तक उलगडलं की पूर्ण कागद समोर येतो. साहित्य म्हणजे ए-४ आकाराचा एक कागद, पट्टी, पेन्सिल, कात्री आणि गणिताची चौकटीची वही. हे घरात नसेल तर पुण्यात अप्पा बळवंत चौकात एका फेरीत मिळतं.

पण कागद हातात घेण्याआधी थोडं काम कानावर करायचं असतं.

मराठी मूल शाळेत जाण्याआधीच अपूर्णांक बोलत असतं. ‘साडेसहाला क्लास आहे’, ‘अर्धा लिटर दूध आण’, ‘दीडशे रुपये झाले’. मंडईत आजही पावशेर गवार मागितली की २५० ग्रॅम गवार तागडीत पडते. जुना शेर साधारण ९३३ ग्रॅमचा होता, म्हणजे खरा पावशेर २३३ ग्रॅमच्या आसपास भरायचा. शेर गेला, त्याचा पाव तेवढा राहिला आणि तो गुपचूप किलोचा पाव झाला. शब्द तोच, पण ज्याचा पाव घ्यायचा ते पूर्ण बदललं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ही गोष्ट सांगून बघा, त्याला गंमत वाटते आणि ‘कशाचा पाव?’ हा प्रश्न डोक्यात पक्का बसतो.

पहिले तीन-चार दिवस फक्त ही शिडी म्हणायची: पाव, अर्धा, पाऊण, एक, सव्वा, दीड, पावणेदोन, दोन, सव्वादोन, अडीच. चढताना म्हणायची, उतरतानाही म्हणायची. मग तीच शिडी शंभराची: पंचवीस, पन्नास, पाऊणशे, शंभर, सव्वाशे, दीडशे, पावणेदोनशे, दोनशे, सव्वादोनशे, अडीचशे. आणि तीच घड्याळाची, दर पायरीला पंधरा मिनिटं. तीन शिड्या शेजारीशेजारी लिहिल्या की अपूर्णांक आणि आकृतिबंध (पॅटर्न) हे दोन वेगळे धडे नाहीत, हे मुलाला न सांगता कळतं. पायरी प्रत्येक वेळी पावाचीच आहे. कधी तो एकाचा पाव, कधी शंभराचा, कधी तासाचा. आपल्याकडे पूर्वी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढेच पाठ करून घेत. औट म्हणजे साडेतीन. ते सगळं पुन्हा घोकायला लावावं असं अजिबात नाही, पण पावकीची चाल शिडीसारखी म्हणायला हरकत नाही.

या शब्दांत खाचा आहेत आणि त्या ठरलेल्या जागी आहेत. ‘पावणेदोन’मध्ये ‘पाव’ ऐकू येतो, म्हणून मूल त्याला दोन आणि पाव समजतं. प्रत्यक्षात ते दोनाला पाव कमी. ‘साडेतीन’ म्हणजे तीन आणि अर्धा, पण मग ‘साडेएक’ आणि ‘साडेदोन’ का नाही, त्याऐवजी दीड आणि अडीच का, याला मुलाला पटेल असं उत्तर नाही. ‘तसंच म्हणतात’ एवढंच सांगून पुढे जावं. साडेतीन शक्तिपीठं ऐकून माहीत असतील तर उपयोग होतो: कोल्हापूर, तुळजापूर, माहूर ही तीन पूर्ण आणि वणीचं अर्धं. आणि ‘पाव’ म्हणजे बेकरीतलाही पाव! ‘पाव पाव खाल्ला’ हे वाक्य मुलाला एकदा सापडलं की आठवडाभर सुटका नसते. सुटका करून घेऊही नये.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’साठी ‘वीस एक’ असं वाचन आलं आणि बराच गदारोळ झाला. वादाचा मुद्दा खरा होता. मराठीत एकवीस ते नव्याण्णव या संख्यांच्या नावांत एकक आधी येतो आणि लिहिताना दशक आधी, त्यामुळे मुलं अडखळतात. अपूर्णांकांत मात्र भाषा आपल्या बाजूने आहे, ती वापरली तर. शाळेत ३/४ चं वाचन ‘तीन छेद चार’ असं होतं आणि त्यात मुलाला दोन सुट्या संख्या ऐकू येतात. ‘चारपैकी तीन’ म्हटलं की आधी किती भाग केले ते कळतं, मग किती घेतले ते. हाताने काम करतानाचा क्रमही हाच असतो. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना ‘थ्री बाय फोर’ची तशीच अडचण येते, शिवाय ‘फोर्थ’ म्हणजे चौथा नंबर, हे त्यांनी शर्यतीत आधीच ऐकलेलं असतं. त्यांच्याशीही ‘चारपैकी तीन’पासूनच सुरुवात करावी.

पुस्तकाची घडी

कागद आडवा ठेवा. लांब कडा एकमेकींवर आणून मधोमध घडी घाला आणि उघडा. आता आखूड कडा एकमेकींवर आणून घडी घाला आणि उघडा. मग दोन्ही आखूड कडा मधल्या घडीपर्यंत आणून दाबा आणि उघडा. चार स्तंभ, दोन ओळी, आठ चौकोन तयार झाले. प्रत्येक चौकोन साधारण ७.४ × १०.५ सेंटीमीटरचा. घडी बोटाने नाही, पट्टीच्या कडेने दाबा, कारण बोटाने दाबलेली घडी दोन मिलिमीटर सरकते आणि तिसऱ्या घडीपर्यंत ती चूक वाढत जाते.

आता कागद पुन्हा आखूड कडा जुळवून दुमडा. बंद बाजू, म्हणजे घडीची बाजू, आपल्याकडे घ्या आणि आडव्या घडीवरून आत कापत पुढच्या उभ्या घडीपर्यंतच जा. सर्वांत जास्त चूक इथे होते. मूल उघड्या बाजूने कापतं, तसं झालं तर मधली फट मिळत नाही, दोन्ही टोकं फाटतात आणि पुस्तक होत नाही. कापण्याआधी मुलाला ‘बंद तोंड कुठलं?’ असं विचारून तिथे पेन्सिलीने ठिपका काढून घ्यावा. बरोबर कापलं असेल तर उघडल्यावर कागदाच्या मधोमध साधारण १५ सेंटीमीटरची फट दिसते. ती कागदाच्या लांबीच्या निम्मी असते. मुलाला मोजू द्या, तुम्ही सांगू नका.

कागद लांबीत दुमडा, फट वर येईल. दोन टोकं धरून आत ढकला, फट पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात उघडते आणि वरून बघितलं तर अधिकचं चिन्ह दिसतं. ते एका दिशेने गुंडाळलं की आठ पानांचं पुस्तक तयार.

चित्रं काढण्याआधी पानांवर पेन्सिलीने १ ते ८ आकडे घाला आणि पुस्तक पुन्हा उलगडा. नेहमीच्या गुंडाळणीत एका ओळीत ६, ७, ८, १ असे आकडे येतात आणि त्यांच्या डोक्यावर उलटे ५, ४, ३, २. हे पाहिल्यावरच कळतं की सरळ कागदावर आधी चित्रं काढली असती तर निम्मी पानं उलटी झाली असती. (वर-खालच्या जोड्यांची बेरीज करून बघा: ६ आणि ५, ७ आणि ४, ८ आणि ३, सगळ्या ११. फक्त १ आणि २ ची ३. पुस्तक संपून पुन्हा सुरू झालं असं समजून १ ला नववं पान म्हटलं, तर तीही ११.)

कागदाची मागची बाजू कोरी राहते. तिच्यावर पूर्ण कागदभर एकच चित्र काढायचं. पुण्याची पीएमपीची बस उत्तम, कारण ती लांबट असते आणि मधली फट खिडक्यांच्या खालच्या पट्ट्यावर बसवता येते. पुस्तक मिटलेलं असताना बस दिसत नाही. उलगडून कागद पालथा केला की दिसते, आणि प्रत्येक पानाच्या पाठीवर तिचा आठवा भाग असतो. ‘पाचव्या पानाच्या मागे बसचा कुठला भाग असेल?’ हा खेळ मुलं स्वतःहून पुन्हा पुन्हा खेळतात.

पानांवर काय

चित्रातली वस्तू म्हणून पोळी नको, वडी घ्या. वर्तुळाचे दोन, चार, आठ भाग सोपे, पण तीन भाग हाताने काढायला मोठ्यांनाही जमत नाहीत, आणि वेडेवाकडे तीन भाग काढून त्यांना समान म्हणायचं, हे शिकवण्याच्याच विरुद्ध झालं. थालीपीठाला भोकं, भाकरीला पोपडा, सगळीच भानगड. आयताला हे त्रास नाहीत.

वहीतल्या एक सेंटीमीटरच्या चौकटींवर ६ × ४ चा आयत काढा आणि तो जाड पुठ्ठ्यातून कापून साचा करा. यात २४ चौकटी बसतात. अर्ध्यात १२, पावात ६, आठव्या भागात ३, तिसऱ्या भागात ८, सहाव्यात ४. सगळे भाग पुऱ्या चौकटींत मिळतात म्हणूनच २४. पाचवा भाग यात बसत नाही. बसवायचा हट्ट करू नका, त्यासाठी नंतर २० चौकटींची वेगळी वडी करता येते. प्रत्येक पानावर वडीची बाहेरची रेष याच साच्याने काढायची. एकही अपवाद नको. कोणी खाल्लेला भाग तुटक रेषेने दाखवा, पण पुसू नका.

पहिलं पान नावाचं. दुसऱ्यावर एक मूल आणि अख्खी वडी. तिसऱ्यावर दोघं, मधोमध रेष, अर्धी-अर्धी. चौथ्यावर चौघं, पाव-पाव. पाचव्यावर आठ जण. सहाव्यावर तिघं. सातव्या पानावर फक्त प्रश्न: तिघांतल्या एकाचा तुकडा मोठा की चौघांतल्या एकाचा? आठवं पान मुलाचं. साच्याने काढलेली कोरी वडी, वाटणी तो करेल.

पान उलटण्याआधी थांबणं ही या पुस्तकाच्या वाचनातली खरी कामगिरी. चौथं पान संपलं की म्हणा, ‘आणखी चार जण आले. आता तुझा तुकडा वाढेल की कमी होईल?’ बहुतेक मुलं ‘कमी’ म्हणतात आणि लगेच कागदावर १/८ हा १/४ पेक्षा मोठा लिहितात, कारण ८ हा ४ पेक्षा मोठा. म्हणजे तोंडाचं उत्तर बरोबर, हाताचं चूक. याचा अर्थ समज आहे, चिन्ह लवकर आलं. अशा वेळी चिन्ह मागे घ्यावं आणि पानाच्या तळाशी नुसतं लिहावं: माणसं १, २, ४, ८. चौकटी २४, १२, ६, ३. एक ओळ दुपटीने चढते, दुसरी निमपटीने उतरते. गुणून बघितलं तर प्रत्येक जोडीचा गुणाकार २४. हा आकृतिबंध मुलाने स्वतः शोधला तर १/८ आणि १/४ चा गोंधळ पुन्हा सहसा होत नाही.

पाचव्या पानावरच्या आठव्या भागासाठी मराठीत रोजचा शब्द नाही. अदपाव होता, आता मागे पडला. नवटाक म्हणजे शेराचा आठवा भाग, पण तो शब्द ज्या दुकानाच्या आठवणीने टिकला आहे ते दुकान मुलांच्या पुस्तकात नको. ‘आठपैकी एक’ पुरेसं आहे. तिसऱ्या भागाचंही तसंच. ‘एक तृतीयांश’ हा शब्द कागदावर ठीक, खेळताना ‘तिघांतला एक वाटा’.

चौथ्या पानावर थोडं रेंगाळा. पाव भाग तीन तऱ्हांनी काढून दाखवा: अधिकच्या चिन्हासारख्या दोन रेषांनी, चार उभ्या पट्ट्यांनी आणि दोन कर्णांनी. कर्णांनी झालेले चार त्रिकोण वेगवेगळे दिसतात, दोन रुंद आणि दोन अरुंद, आणि मुलं ठामपणे सांगतात की ते समान नाहीत. वाद घालू नका, कापा. प्रत्येक त्रिकोण त्याच्या टोकातून मधोमध कापला की आठही छोटे काटकोन त्रिकोण तंतोतंत एकमेकांवर बसतात, काही पालथे घालावे लागतात. म्हणजे प्रत्येक मोठ्या त्रिकोणात सारखेच दोन. समान भाग म्हणजे सारखा दिसणारा भाग नव्हे, हे इथे पक्कं होतं. याच्या उलट उदाहरण स्वयंपाकघरात आहे: ताटात थापून शंकरपाळ्यासारख्या तिरक्या कापलेल्या नारळाच्या वड्या. मधल्या वड्या पूर्ण, कडेच्या त्रिकोणी. ‘ताटात ३० वड्या आहेत, मी एक घेतली, म्हणजे तीसपैकी एक’ हे इथे खोटं ठरतं, आणि कडेची वडी मिळालेल्या मुलाला ते तुमच्याआधी कळलेलं असतं.

चिन्ह लिहिताना क्रम उलटा ठेवा. आधी आडवी रेष, मग खाली छेद (किती भाग केले), शेवटी वर अंश (किती घेतले). वरून खाली लिहिणाऱ्या मुलांची एक ठरावीक चूक असते: चार भागांपैकी एक रंगवलेला असेल तर ती १/३ लिहितात, कारण रंगवलेला एक आणि कोरे तीन मोजले जातात. छेद आधी लिहायची सवय असेल तर नजर आधी सगळ्या भागांवर फिरते आणि ही चूक बरीच कमी होते.

दुसरी नेहमीची चूक बेरजेतली. १/२ अधिक १/४ म्हणजे २/६. याला ‘समच्छेद करायचा असतो’ हे उत्तर नाही, तो नियम झाला. वडीवर न्या. अर्धी म्हणजे १२ चौकटी, पाव म्हणजे ६, मिळून १८. आता मुलाच्या उत्तराच्या चौकटी मोजा. २/६ म्हणजे ८. अर्ध्या वडीत भर घातली आणि वडी अर्ध्यापेक्षा कमी झाली? मूल स्वतःच हसतं. मग १८ मध्ये पावाचे किती तुकडे, तीन, म्हणजे पाऊण. हा शब्द त्याला आधीपासून येत असतो.

पट्टीचं पुस्तक

वडीच्या पुस्तकात अपूर्णांक म्हणजे तुकडा. पण तो संख्या आहे, तिला संख्यारेषेवर जागा आहे आणि ती एकाच्या पुढेही जाते, हे वडीत दिसत नाही. त्यासाठी दुसरं पुस्तक. ५६ × ७१ सेंटीमीटरच्या कार्डशीटमधून ६० सेंटीमीटर लांब आणि १० रुंद पट्टी कापा. दर ६ सेंटीमीटरवर पंख्यासारखी एक घडी पुढे, एक मागे. दहा पानं होतात. एक पूर्ण म्हणजे २४ सेंटीमीटर, वडीच्या चौकटींइतकेच. पहिली घडी पाव, दुसरी अर्धा, चौथी एक, सहावी दीड, आणि पट्टी बरोबर अडीचला संपते.

कार्डशीट आधी न कोरता दुमडली तर घडीवर फाटते. पट्टी ठेवून रिकाम्या बॉलपेनने रेघ दाबून घ्या. दुसरी अडचण झेरॉक्सवाल्याकडे येते. संगणकावर आखून छापणार असाल तर ‘फिट टू पेज’ बंद करायला सांगा, नाहीतर सगळं थोडं आक्रसतं, २४ चे २३ आणि काहीतरी होतात आणि पट्टी लावून मोजणारं मूल गोंधळतं.

पट्टीच्या पाठीवर दर ८ सेंटीमीटरला खूण करा, म्हणजे तिसरे भाग. पट्टी उजेडासमोर धरली किंवा कडेवर खुणा केल्या की दोन्ही बाजूंच्या खुणा कुठे जुळतात ते दिसतं: २४ वर आणि ४८ वर. एरवी कुठेच नाही. पाव आणि तिसरा भाग पूर्णावरच भेटतात. मग दर ३ सेंटीमीटरला आठवे भाग मांडले की दोन-आठवे पावावर, चार-आठवे अर्ध्यावर बसतात. सममूल्य अपूर्णांक हा जड शब्द इथे वापरायला हरकत नाही, कारण आता त्याच्यामागे दिसणारी वस्तू आहे. घड्या उलगडून पट्टीवर उडी मारायचा खेळही होतो: सव्वापासून पाव मागे, पावणेदोनपासून पाव पुढे. पावणे म्हणजे मागे, हे पट्टीवर एकदा बोट मागे सरकवलं की लक्षात राहतं.

मोदक आणि ठिपके

आतापर्यंत एकाच वस्तूचे भाग झाले. समूहाचे भाग वेगळेच अवघड असतात, आणि गणपतीच्या दिवसांत त्यासाठी २१ मोदक हाताशी असतात. चित्रात ते त्रिकोणात मांडा: वर १, खाली २, मग ३, असं ६ पर्यंत. ओळ संपेल तशी बेरीज लिहा: १, ३, ६, १०, १५, २१. मग तिघांत वाटा, प्रत्येकी ७. सात जणांत, प्रत्येकी ३. आणि दोघांत? साडेदहा. मुलं इथे थबकतात, कारण समूहाच्या अर्ध्यात एका मोदकाचाही अर्धा येतो. साडेदहा लिहिताना दोन पूर्ण एकाच वेळी सांभाळायचे असतात, एकवीस मोदकांचा समूह आणि एक मोदक. हे पान घाईने उलटू नका.

रांगोळीच्या ठिपक्यांची पानं सोपी आहेत, लवकर होतात. एकाआड ठिपके देत ३, ४, ५, ४, ३ अशा ओळी मांडल्या की १९ ठिपके. ४ ते ७ आणि परत ४ मांडले की ३७. १९ च्या आधी ७ आणि त्याआधी १. वाढ ६, १२, १८. तीच मांडणी १, २, ३, २, १ अशी केली तर ९ ठिपके आणि कागद तिरका धरला की सरळ ३ × ३ चा चौरस दिसतो. याला जोडून दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांची ओळख करून द्यावी. देवळालीचे हे शाळामास्तर फर्ग्युसनमध्ये शिकले होते. त्यांच्या डेम्लो संख्या म्हणजे १, १२१, १२३२१ अशा चढून उतरणाऱ्या, आणि हे नाव डोंबिवली स्टेशनावरून आलं. ११ × ११ = १२१, १११ × १११ = १२३२१. अंकांची बेरीज १, ४, ९, म्हणजे ठिपक्यांचे तेच चौरस. नऊ एकांपर्यंत हे छान चालतं, दहाव्याला हातचा येतो आणि डोंगराचा माथा बिघडतो. बिघडतो तेही मुलाला करून बघू द्या. कॅल्क्युलेटर नको, त्याच्या पडद्यावर तेवढे अंक सहसा मावत नाहीत.

शेवटचा प्रयोग नुसत्या कागदाच्या पट्टीचा. ३२ सेंटीमीटर लांब, दोन बोटं रुंद, साधा पातळ कागद. एकदा निम्म्यावर दुमडा, उघडा, भाग २ आणि घडीची रेष १. पुन्हा दुमडून त्याच दिशेने आणखी एकदा, उघडा: भाग ४, रेषा ३. तिसऱ्या वेळी किती होतील, हे उघडण्याआधी लिहून घ्या. भागांसाठी बरीच मुलं ६ म्हणतात, दर वेळी दोन वाढतात असं धरून. उघडल्यावर ८ भाग, ७ रेषा. चौथ्या वेळी १६ भाग, १५ रेषा.

तेवढीच दुसरी पट्टी घ्या आणि रंगवा. आधी अर्धी. मग उरलेल्याची अर्धी. मग उरलेल्याची अर्धी. प्रत्येक वेळी कोरा उरलेला तुकडा नुकत्याच रंगवलेल्या तुकड्याएवढाच असतो, म्हणून पट्टी कधीच पूर्ण रंगत नाही. रंगलेला भाग लिहीत जा: १/२, ३/४, ७/८, १५/१६. आता पहिली पट्टी शेजारी ठेवा. छेदात भाग आहेत आणि अंशात घडीच्या रेषा. का, ते विचारा आणि गप्प बसा. उत्तर पट्टीवरच आहे: शेवटची रेष जिथे आहे तिथेच रंग थांबतो, आणि प्रत्येक रेषेच्या डावीकडे एक-एक तुकडा रंगलेला असतो. पाचवी घडी करून बघायची असेल तर रेषा ३१ व्हायला हव्यात, पण पट्टी १ सेंटीमीटरची झालेली असते आणि कागदाचे ३२ थर एकावर एक असतात. घडी सरकते, भाग असमान होतात. अशा वेळी मोजायला उघडू नका, चौथ्या घडीपर्यंतचे आकडे पाहून मुलालाच ३१ सांगू द्या.